सल्ला नाकारा, पण कारण लिहून द्या

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात खालच्या बाजूला ‘वृक्ष उपकर’ अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ, म्हणून तिच्यावर कुणाची नजर ठरत नाही. पण ही ओळ १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्यातून आलेली आहे. त्याच कायद्याने प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण नेमायला सांगितले आहे. सदस्य किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा. बैठक ४५ दिवसांतून एकदा तरी. झाडांची गणना दर पाच वर्षांनी. म्हणजे कर भरणाऱ्याच्या वतीने झाडांचा विचार करणारे एक मंडळ कायद्याने बसवलेले आहे आणि त्याचा खर्चही आपण आगाऊ देत आहोत. आपल्या गावातल्या प्राधिकरणाची मागची बैठक कधी झाली, तिच्यात काय ठरले आणि ठरले त्याचे पुढे काय झाले, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात दहा सुजाण नागरिकांना विचारून पाहावे.

पर्यावरणासाठी स्थानिक पातळीवर समित्या नाहीत, ही तक्रार खरी नाही. समित्या भरपूर आहेत. शहरात वृक्ष प्राधिकरण. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळीकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती. गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पर्यावरण समिती आणि तिचा जिल्हा पर्यावरण आराखडा. शिवाय महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी महासभेपुढे ठेवायचा पर्यावरण स्थिती अहवाल. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे रक्षण हे नगरपालिकांचे काम म्हणून लिहिले, त्यालाही तीन दशके उलटली. तेव्हा आणखी एक समिती नेमण्यात अर्थ नाही. आहेत त्या समित्यांचा सल्ला नाकारायला प्रशासनाला काहीच खर्च येत नाही, खरे दुखणे तिथे आहे. सल्ला इतिवृत्तात जातो, इतिवृत्त फाईलमध्ये जाते आणि फाईल कपाटात. ‘नाही’ म्हणण्याचेही कष्ट कुणाला पडत नाहीत.

म्हणून या लेखाची मागणी लहान आहे. समित्यांना नकाराधिकार देऊ नका. त्यांचा सल्ला बंधनकारकही करू नका. पण प्रत्येक सल्ल्याला ३० दिवसांत लेखी, सकारण आणि अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर देणे बंधनकारक करा.

हे एवढेसे वाटते. त्याने काय फरक पडतो, हे झाडापासून पाहू.

रस्ता रुंद करायचा आहे. अर्ज करते महापालिकेचे बांधकाम खाते. परवानगी देते वृक्ष प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष आयुक्त. म्हणजे मागणारा आणि देणारा एकाच इमारतीत बसतात. कायद्याने झाडावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, हरकती मागवायच्या. नोटीस झाडाला ठोकतात. दोन दिवसांत ती फाटते. जाहिरातीत ‘अमुक रस्त्यावरील ४० झाडे’ एवढेच असते. जात नाही, घेर नाही, वय नाही. मग हरकत घेणारा काय लिहिणार? ‘झाडे तोडू नका’ एवढेच. आणि त्यावर ‘हरकत भावनिक स्वरूपाची’ असा शेरा पडतो.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावण्याचे बंधन आले. तरतूद चांगली आहे. पण त्यामुळे सगळा खेळ आता वयाच्या आकड्यावर येऊन थांबतो. वय ४८ लिहिले की वारसा नाही. ३० च्या जागी १८ लिहिले की बारा रोपांचा खर्च वाचला. वय बहुधा बुंध्याच्या घेरावरून काढतात, छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर टेप लावून. यात मराठवाड्यापुरती एक मोठी गोम आहे. मुरमाड जमिनीत, अपुऱ्या पावसावर वाढलेल्या कडुनिंबाचा घेर पाणी मिळालेल्या बागेतल्या कडुनिंबाच्या घेरापेक्षा फार हळू वाढतो. भरपूर पाण्याच्या भागात काढलेले घेर-वयाचे गणित इथे जसेच्या तसे लावले तर आपली झाडे कागदावर पोरसवदा ठरतात. एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने बैठकीत हे सांगितले, तर आज ते ‘सदस्यांनी सूचना केली’ या तीन शब्दांत संपते. उद्या उद्यान अधीक्षकाला लिहावे लागले की ‘सूचना अमान्य, कारण असे असे’, तर त्याला आधी कुठले गणित वापरले ते शोधावे लागेल. आणि बहुतेक वेळा शोधता शोधताच चूक त्याच्या ध्यानात येईल.

आता भरपाईची लागवड. समजा ४० झाडे, सरासरी वय ३०. म्हणजे १,२०० रोपे. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी धरले तर आठवड्याला ३६ हजार लिटर लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १७ आठवडे धरा. सहा लाखांवर लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे सव्वाशेच्या आसपास टँकर, तेही एका उन्हाळ्याचे. रोप मुळावर उभे राहायला निदान दोन उन्हाळे काढावे लागतात, मुरमात तीन. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तिथे तशा वर्षी रोपांना आठवड्याला सात टँकर कोण देणार? कुणीच नाही, आणि देऊही नयेत. म्हणून प्राधिकरणाचा सल्ला ‘१,२०० रोपे लावा’ असा असून चालणार नाही. तो असा हवा: लागवड मलनिस्सारण प्रकल्पाच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी जिथून जाते तिथेच करा. खड्डे एप्रिल-मे मध्ये खणून तापू द्या, काळ्या जमिनीत दोन फूट, मुरमात तीन फूट, आणि मुरमाच्या खड्ड्यात गाळाची माती भरा. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा, ५ जूनला फोटोसाठी नको. गुलमोहोर, सोनमोहोर कमी करा. कडुनिंब, चिंच, करंज, वड, पिंपळ, बोर वाढवा. ठेकेदाराचे निम्मे बिल दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, जगलेली रोपे मोजून द्या. असा सल्ला नाकारायचा तर कारण द्यावे लागेल. आणि ‘पाणी नाही’ हे कारण आले, तर मग झाड तोडायची परवानगी कशाच्या भरवशावर दिली हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१९७५ चा हा कायदा नागरी भागापुरता आहे, हेही ध्यानात घ्यावे. गावच्या शिवारात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा लागू होतो. त्यात ठरावीक जातींची यादी आहे आणि वृक्ष प्राधिकरणासारखे मंडळ नाही. निजामकाळातल्या सडकांच्या दुतर्फा असलेल्या जुन्या वड-चिंचांच्या रांगा महामार्ग रुंद होताना गेल्या, तेव्हा त्या गावांच्या वतीने बोलायला कायद्याने ठरवलेली जागाच नव्हती. असायला हवी होती ती जैवविविधता व्यवस्थापन समितीत.

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ ने प्रत्येक स्थानिक संस्थेला ही समिती करायला सांगितले. २००४ च्या नियमांत अध्यक्षाखेरीज सहा जणांपर्यंत सदस्य, त्यात एक तृतीयांश महिला, किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, अशी रचना होती. समितीचे मुख्य काम लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडे, प्राणी, पिके यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही तयार करणे. व्यापारासाठी गावच्या हद्दीतून जैविक साधने गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही तिला आहे. आणि एक तरतूद फार कमी सरपंचांना ठाऊक असते: त्या हद्दीतल्या जैविक साधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने या समितीचा सल्ला घ्यायचा आहे. ग्रामपंचायतीच्या एका समितीला राष्ट्रीय प्राधिकरणाने विचारायचे, असे आपल्या कायद्यांत क्वचितच लिहिलेले सापडेल.

मग झाले काय? वर्षानुवर्षे काहीच नाही. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून काम अपुरे असलेल्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपयांचा दंड लावण्याचे फर्मावले. मग पळापळ. राज्यात अठ्ठावीस हजारांवर स्थानिक संस्था आहेत. समित्या ठरावाने झाल्या, अनेक ठिकाणी आपण सदस्य आहोत हे सदस्यालाच माहीत नाही. नोंदवह्या बाहेरच्या संस्थांकडून करून घेतल्या. अशा घाईत एका तालुक्याची यादी दुसऱ्या गावच्या नावाने छापली जाते, शिवारात कधीही न उगवलेली झाडे नोंदवहीत उगवतात आणि शिवारातले गवत मात्र राहून जाते. लवादाला आकडा मिळाला. गावाला मिळाले जाडजूड बाड, तेही ग्रामपंचायतीच्या कपाटात.

नोंदवही चांगली कशी होते, हे अवघड नाही. दोन फेऱ्या तरी हव्यात. एक श्रावण-भाद्रपदात, गवते आणि रानभाज्या ओळखू येतात तेव्हा. दुसरी पौष-माघात, पानगळीची झाडे आणि पाहुणे पक्षी पाहायला. गवताची माहिती धनगराकडे असते. पवना कुठे, मारवेल कुठे, कुसळी कधी टोचायला लागते, हे त्याच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही. मासे भोयाला विचारावेत, तित्तर-लावा पारध्याला, रानभाज्या तांड्यावरच्या बायांना. तांदुळजा, कुर्डू, घोळ, पाथरी, करटुले ही नावे गावात बोलतात तशीच लिहून शेजारी शास्त्रीय नाव द्यावे. उलट केले की गावकऱ्याला आपलीच वही वाचता येत नाही. औषधी उपयोगाची माहिती वेगळ्या, बंद भागात ठेवावी, कारण एकदा ती छापली की सांगणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आणि पिके, जनावरे विसरू नयेत. देवणी आणि लाल कंधारी गाय-बैल, उस्मानाबादी शेळी, जालन्याची दगडी ज्वारी, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, वसमतची हळद ही या भागाची जैवविविधताच आहे. जंगल तर आपल्याकडे मुळातच थोडे. लातूर जिल्ह्यात ते एक टक्क्याच्याही खाली आहे. तेव्हा जैवविविधता म्हणजे वाघ-बिबट्या असे समजून बसलेल्या समितीला मराठवाड्यात करायला काही कामच सापडणार नाही. इथला मामला माळरान, गायरान, ओढा, बांध आणि गोठा यांचा आहे.

गायरानावरून आठवले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरान जमिनी सौर प्रकल्पांना देण्याचे काम चालू आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, रात्री सापा-विंचवात पाणी द्यायला जाणे थांबायला हवे, याबद्दल दुमत नाही. पण एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते आणि सौर प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीच्या प्रक्रियेतून सूट आहे. म्हणजे या जमिनीवर आता काय चरते, काय उगवते, हे विचारणारा वरच्या पातळीवर कुणीच नाही. विचारू शकेल ती गावची समिती. तिने सरसकट विरोध करायचे कारण नाही. गट नंबरावर बोट ठेवून सांगायचे: हा उघडा खडकाळ तुकडा द्या, तो पवना-मारवेलचा पट्टा सोडा; ओढ्याच्या काठापासून अंतर ठेवा; शेळ्या-मेंढ्यांची वाट कुंपणात घेऊ नका; पॅनेल धुवायचे पाणी कुठून घेणार ते लिहून द्या. याला उत्तर देणे तहसील कार्यालयाला जड नाही. आज ते मिळत नाही, कारण मागायचा हक्क नाही. आणि खरे सांगायचे तर अनेक समित्यांनी विचारलेलेही नसते, कारण विचारून उपयोग काय, हे आधीच ठरलेले असते.

माळरानाबाबत आपला सरकारी समजही सुधारायला हवा. सात-बारावर ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’ लिहिलेले गवताळ रान रिकामे नसते. त्यावर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल जगतात आणि उन्हाळ्यापर्यंत पुरणारा चारा तिथून निघतो. त्यावर ओळीने खड्डे घेऊन गिरिपुष्प लावले की वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पुरे होते आणि रान मरते. असे काम थांबवण्याचा सल्ला द्यायला पर्यावरणाची पदवी लागत नाही, मेंढपाळ पुरतो. म्हणून समितीत त्याची खुर्ची हवी.

पाण्याकडे वळू. भूजल कायदा २००९ चा. त्यात ६० मीटरहून खोल ती ‘खोल विहीर’. म्हणजे दोनशे फुटांच्या आत. गावात बोअरची बोलणीच आता पाचशे फुटांपासून सुरू होतात. पाणलोटनिहाय समित्या, भूजल वापराचा आराखडा, पीक आराखडा हे सगळे त्या कायद्यात आहे, शिवारात मात्र दिसत नाही. यावर फार लिहिण्यात हशील नाही. कायदा राबवायची इच्छा असेल तो दिवस वेगळा. तोवर एवढे करता येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ग्रामसभाही वर्षातून किमान चार घ्यायच्या असतात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. समितीने गावातल्या पाच ठरलेल्या विहिरींत दोरी सोडून मोजमाप घ्यावे आणि ते फळ्यावर लिहूनच ग्रामसभा सुरू करावी. ऑक्टोबरच्या आकड्यावर रब्बीला हरभरा-ज्वारी की ऊस याचा सल्ला द्यावा. तो कुणी मानला नाही तरी चालेल. मे महिन्यात टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीकडे जाईल तेव्हा ऑक्टोबरचा सल्ला आणि त्याला ग्रामपंचायतीने दिलेले उत्तर, दोन्ही त्याला जोडलेले असावे.

शहरांत पाण्याचा प्रश्न सांडपाण्याचा आहे. नांदेडला नाल्यांचे पाणी गोदावरीत जाते, छत्रपती संभाजीनगरला खाम आणि सुखना नद्यांची ओळखच नाले अशी झाली होती. खामच्या काठावर अलीकडे झालेले काम चांगले आहे, पण काठ सुंदर झाला म्हणून पाणी शुद्ध झाले असे होत नाही. इथे सल्लागार समितीने प्रशासनाकडे चार आकडे दर महिन्याला मागावेत. शहराला रोज पाणी किती दिले? त्याच्या साधारण ८० टक्के सांडपाणी होते, ते किती? मलनिस्सारण प्रकल्पाच्या तोंडावरच्या मीटरने किती पाणी आल्याचे दाखवले? आणि प्रकल्पाचे वीजबिल किती युनिटचे?

यातला चौथा आकडा सगळ्यात उपयोगी आहे. प्रकल्पाची क्षमता अमुक दशलक्ष लिटर, हे फलकावर लिहिलेले असते. पण हवा सोडणारे ब्लोअर चालू आहेत की नाहीत हे वीजबिलावरून कळते. आजकालच्या पद्धतीच्या प्रकल्पाला दशलक्ष लिटरमागे साधारण दीडशे ते अडीचशे युनिट लागतात. रोज ४० दशलक्ष लिटर शुद्ध केल्याचा दावा असेल तर रोजचे सहा ते दहा हजार युनिट दिसायला हवेत. बिलात दीड-दोन हजार दिसले, तर एकतर पाणी पोहोचत नाही किंवा यंत्र बंद असते. पहिले असेल तर दोष वाहिन्यांच्या जाळ्याचा, दुसरे असेल तर ठेकेदाराचा. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून उत्तर लेखी हवे.

नदीचे नमुने घेण्यातही अशीच गफलत होते. दुपारी, पुलावरून, धारेच्या मध्यातून बाटली भरली की आकडे बरे येतात. नमुने तीन ठिकाणी घ्यावेत: नाला मिळण्याच्या वर, मिळतो तिथे आणि खाली पाचशे मीटरवर. वेळ सकाळी सात ते दहाची, घराघरांतले पाणी नाल्यात उतरते तेव्हाची. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा किंवा रसायन घालून बांधून घ्यावा. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायचा, नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा, एरवी बाटलीतच तो बदलतो. आंघोळीच्या पाण्याचा केंद्रीय निकष बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी आणि प्राणवायू ५ किंवा जास्त असा आहे. नांदेडच्या घाटावर भाविक आंघोळ करतात, तेव्हा तोच निकष लावावा. हे काम महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग करू शकतो. समितीला लागतो तो थोडा खर्च आणि नमुना घेताना सही करणारा पालिकेचा माणूस. सही नसेल तर ‘तुमचा नमुना आम्हाला मान्य नाही’ हे उत्तर तयारच असते.

या मागणीवर आक्षेप येतील. पहिला, कामे अडतील. उलट कामे अडतात ती न ऐकल्यामुळे. नारेगावात छत्रपती संभाजीनगर शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला, आसपासच्या गावांच्या तक्रारीही तितक्याच वर्षांच्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मार्चमध्ये कचरा मिटमिट्याकडे नेताना दगडफेक आणि जाळपोळ झाली. कितीतरी आठवडे शहर कचऱ्यात बसले. कचऱ्याची जागा शोधताना त्या गावांना विचारून लेखी उत्तरे दिली असती तर वेळ गेला असता हे खरे, पण तो महिन्यांत मोजण्याइतका असता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांनी नगरसेवक निवडलेत ना, मग हे न निवडलेले सल्लागार कशाला? म्हणूनच तर नकाराधिकार नको म्हटले. पैशांचा हिशेब लोकांना देतो तो नगरसेवक, निर्णय त्याचाच. पण छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली वर्षे आयुक्तच प्रशासक. पर्यावरण स्थिती अहवाल ज्याने मांडायचा, त्यानेच तो स्वीकारायचा. अशा काळात लेखी उत्तराचे बंधन असते तर निदान कागदावर दुसरा आवाज राहिला असता.

तिसरा आक्षेप खुद्द समित्यांवरचा आहे आणि तो खोटा नाही. रोपवाटिकेचा मालक, लागवडीचा ठेकेदार, कार्यकर्त्याची सोय, अशी माणसे समित्यांत घुसतात. उपाय सोपा आहे: ज्याचा त्या कामाशी पैशाचा संबंध आहे त्याने त्या विषयापुरते बाहेर बसायचे आणि तसे इतिवृत्तात लिहायचे. तज्ज्ञांच्या नावाने जागा ठेवून भागत नाही, हे मुंबईने दाखवले आहे. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली २,६४६ झाडे तोडण्या-हलवण्याचा प्रस्ताव तिथल्या प्राधिकरणात मतदानाने मंजूर झाला आणि त्यानंतर तज्ज्ञ सदस्यांचे राजीनामे आले. इतक्या झाडांचा निर्णय हात वर करून घ्यायचा तर तज्ज्ञ हा फक्त एक हात ठरतो. कागद सात दिवस आधी हातात आणि मतभेद नावानिशी नोंदलेला असेल, तर त्याच्या तज्ज्ञपणाचा काही उपयोग. २०२१ नंतर तर त्याची जास्तच गरज आहे, कारण वयाच्या आकड्यावर शहानिशा करणारा दुसरा कुणी नाही.

समिती काम करते कधी, याचे उदाहरण जालना जिल्ह्यातच आहे. कडवंचीत १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाणलोटाच्या कामात गावाची समिती होती आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तांत्रिक बळ होते. हे काम ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात झाले त्याच्या अटी कडक: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आराखडा शेतकऱ्याला घेऊन शेताशेतात फिरून करायचा. कुणाच्या बांधावर काय होणार, हे त्याला विचारून ठरायचे आणि नाही म्हणायचे तर तिथेच, तोंडावर. कडवंचीत आज द्राक्षे दिसतात. तिथल्या समितीला पैसा, काम आणि उत्तरदायित्व तिन्ही होते. आपल्या वृक्ष प्राधिकरणांना यातले एकही धड मिळत नाही.

हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही. महासभेचा एक ठराव आणि आयुक्तांचे परिपत्रक पुरते. गावात ग्रामसभेचा ठराव. चार रकान्यांचा एक तक्ता: समितीचा सल्ला व तारीख, निर्णय मान्य-अंशतः मान्य-अमान्य, कारण, अधिकाऱ्याचे नाव व सही. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रकाना कोरा ठेवायचा आणि तसाच संकेतस्थळावर व नोटीस बोर्डावर लावायचा. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतेच. सदस्य सचिवाला या कामासाठी एक लिपिक आठवड्याला अर्धा दिवस मिळावा. वृक्ष उपकराच्या जमेतून नमुने, मोजमाप, वाहन यांसाठी वेगळे लेखाशीर्ष काढावे, नाहीतर प्रत्येक बैठकीच्या चहाचा खर्चही उद्यान विभागाकडे मागावा लागतो आणि ज्याच्या चहावर बसायचे त्याच्याविरुद्ध लिहिणे कुणालाही जड जाते. गावात हा तक्ता ग्रामपंचायत अधिकाऱ्याने भरावा. त्याच्याकडे आधीच डझनभर नोंदवह्या आहेत हे मान्य, पण यात महिन्याला चार-पाच ओळींपेक्षा जास्त काही नसेल.

राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात गुण मिळवण्यासाठी गावे आणि शहरे कागद अपलोड करतातच. त्या गुणांत या तक्त्याला जागा मिळाली, तर काम भराभर होईल. पण गुणांची वाट पाहायचे कारण नाही. ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल मांडला जाईलच. मागच्या वर्षाचे तापमान-पर्जन्यमानाचे तक्ते आणि झाडांचे रंगीत फोटो त्यात असतीलच. नव्या नगरसेवकांनी एवढेच मागावे की त्याचे पहिले पान त्या चार रकान्यांचे असावे: मागच्या वर्षी कुणी काय सुचवले, काय केले, काय केले नाही आणि का.